आईच्या आठवणीतून विठ्ठलाकडे
(द्वितीय वर्ष, कला)

पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच आपल्या सर्वांचे सानेगुरुजी, यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घरी दारिद्र्य, पण आईचे संस्कार मोठे. ते शिकत असतानाच, १९१७ मध्ये, आई वारली. १९२४ मध्ये ते अमळनेरला शिक्षक झाले. १९३० मध्ये नोकरी सोडून त्यांनी स्वातंत्र्याच्या लढ्यात उडी घेतली. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. त्यावर आचार्य अत्रे यांनी काढलेल्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्या आईला वाचता येत नाही, म्हणून मी तिला हे पुस्तक वाचून दाखविले. त्यात एका महार म्हातारीची मोळी खाली पडते. शिवायला कोणी तयार नसते. श्यामची आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठविते, पण नंतर आंघोळ करायलाही सांगते. इथे माझ्या आईने मला थांबविले. मग आंघोळ कशाला, असे तिने विचारले. मी निरुत्तर झालो.

उत्तर मला गुरुजींच्या पुढील आयुष्यात सापडले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना बंद होते. माझे पणजोबा वारी करीत, पण चोखोबांच्या समाधीपाशी डोके टेकवून परत फिरत. १ मे १९४७ रोजी गुरुजींनी पंढरपुरात उपोषण आरंभिले. दहाव्या दिवशी मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरले, तेव्हाच त्यांनी ते सोडले. मला वाटते, तेथे ते तीच मोळी पुन्हा उचलत होते. या वेळी मात्र नंतरची आंघोळ नव्हती. आईचा संस्कार मुलाने आईच्याही पुढे नेला.

११ जून १९५० रोजी गुरुजींनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली. आपल्यावरील चित्रपट त्यांनी पाहिला नाही. आपण तो पाहतो, रडतो आणि डोळे पुसून घरी जातो. गुरुजीही आईसाठी खूप रडले. पण त्यांची आठवण अश्रूंपाशी थांबली नाही. श्रद्धा म्हणजे काय, हे मला त्यांच्या चरित्राने शिकविले.