महाडचा खटला ते बहिष्कारविरोधी कायदा : फौजदारी वकील बाबासाहेब

पुणे-लोणावळा लोकलने मी आठवड्यातून दोन-तीनदा प्रवास करते. देहूरोड स्टेशन आले की डब्यातले कोणी ना कोणी हात जोडते. २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची इथे स्वतःच्या हस्ते प्रतिष्ठापना केली. पुढे तळेगाव दाभाडे लागते. तिथे बाबासाहेबांनी बांधलेला बंगला आज स्मारक म्हणून जपला आहे. मळवलीला उतरले की एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. मावळातल्या आपल्या माणसांना हे सगळे तोंडपाठ आहे.

मी मात्र बऱ्याचदा वडगावला उतरते आणि कोर्टाच्या आवारात जाते. सामाजिक कार्यकर्ती म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांची कामे तिथे अडकलेली असतात. सध्या एक प्रकरण मनातून जात नाही. गावाचे नाव लिहीत नाही. स्मशानभूमीच्या वाटेवरून भांडण झाले, मारहाण झाली, गुन्हा नोंदला गेला. त्यानंतर गावाने त्या कुटुंबाशी व्यवहार थांबवला. गिरणीत दळण घेईनात, दुकानात उधारी बंद, भातलावणीला मजुरीवर बोलावणे बंद. घरातली बाई मला विचारते की ताई, केस मागे घेऊन टाकू का? तिचे दोन साक्षीदार आरोपींच्याच खाचरात लावणीला जातात. ते साक्षीला येतील की नाही, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही.

तिला उत्तर देण्याआधी मी बाबासाहेबांचे वकिलीतले आयुष्य पुन्हा वाचायला घेतले. आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. पण घटनेच्या आधीची पंचवीस वर्षे ते कोर्टाची पायरी चढणारे वकील होते आणि त्यातही फौजदारी खटले लढवणारे वकील होते, हे आपल्या भाषणांत फारसे येत नाही.

परळची कचेरी आणि मुफस्सल कोर्टे

लंडनच्या ग्रेज इनमधून १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली, तेव्हा सनदेसाठी लागणारे पैसेही त्यांच्याकडे नव्हते. मित्र नवल भथेना यांनी ती अडचण सोडवली. हायकोर्टात काम मिळायचे ते सॉलिसिटरांकडून, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे अशील पाठवायला ते तयार नसत. त्यामुळे बाबासाहेब जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कोर्टांकडे वळले. परळच्या दामोदर हॉलमधल्या त्यांच्या कचेरीत गिरणी कामगार यायचे, गावाकडून आलेली गरीब माणसे यायची. संसार चालवण्यासाठी १९२५ पासून त्यांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. १९२८ मध्ये ते सरकारी विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि १९३५ मध्ये तिथलेच प्राचार्य.

पुण्याशी जोडलेला त्यांचा मोठा खटला १९२६ चा. दिनकरराव जवळकरांच्या 'देशाचे दुश्मन' या पुस्तकात टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर जळजळीत टीका होती. त्यावरून बदनामीचा खटला झाला आणि खालच्या कोर्टाने जवळकर, केशवराव जेधे, बागडे अशा ब्राह्मणेतर मंडळींना शिक्षा ठोठावली. अपील पुण्याच्या सेशन्स कोर्टात आले. बाबासाहेबांनी त्या वेळी बदनामीच्या कायद्याच्या मुळालाच हात घातला. मृत व्यक्तीची बदनामी गुन्हा ठरते, पण तिच्या कुटुंबाच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल तरच. मग फिर्याद करणारा खरोखर जवळचा आहे का, हा प्रश्न उभा राहतो. अपिलात सगळे सुटले.

१९३४ मध्ये ते र. धों. कर्वे यांच्या बाजूने उभे राहिले. 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली म्हणून कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला होता. हा खटला बाबासाहेब हरले आणि कर्वे यांना २०० रुपये दंड झाला. स्वतःच्या चळवळीला या खटल्यातून काही मिळणार नव्हते, तरी त्यांनी तो घेतला.

महाडला मिळालेला धडा

ते कधी सरकारी वकील झाले नाहीत. पण खटला चालवणारी बाजू कुठे मजबूत असते आणि कुठे ढासळते, हे त्यांनी महाडला अगदी जवळून पाहिले.

२० मार्च १९२७. चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतणाऱ्या आपल्या लोकांवर सवर्णांच्या जमावाने हल्ला केला. परिषदेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेली बरीच माणसे होती. त्यांनी हात उचलला असता तर चित्र वेगळे दिसले असते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले, जखमींना दवाखान्यात नेण्याची सोय केली आणि फिर्यादीचा मार्ग धरला. खटला चालला आणि जून १९२७ मध्ये पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

या निकालावर ते समाधान मानून थांबले नाहीत. जिल्ह्यातले वरचे अधिकारी सवर्ण हिंदू नव्हते म्हणून हा न्याय झाला, नाहीतर झाला नसता, असे त्यांचे स्पष्ट मत होते. समाजशास्त्र शिकताना आम्ही सत्तेची रचना हा शब्द शेकडो वेळा लिहिला. त्या शब्दाचा अर्थ मला या एका निरीक्षणातून जास्त कळला. कायद्याचे कलम तेच असते. तपास कोणाच्या हातात आहे आणि साक्षीदार कोणाच्या शेतात राबतो, यावर त्या कलमाचे काय होणार हे ठरते.

तळ्याचा दिवाणी दावा मात्र डिसेंबर १९२७ मध्ये सुरू झाला आणि हायकोर्टाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडले. सव्वानऊ वर्षे त्यांनी तो सोडला नाही.

अभ्यास करून लिहिलेला कायदा

१९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. समितीने जिल्ह्यांतून फिरून माहिती घेतली आणि १९३० मध्ये अहवाल दिला. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांविरुद्ध गाव कोणते हत्यार वापरते, तर सामाजिक बहिष्कार, हे त्यात नोंदले गेले. मजुरी बंद, दुकान बंद, वाट बंद. मारहाण झाली तर निदान जखम दाखवता येते. बहिष्कारात दाखवायला काहीच नसते, आणि तेव्हाच्या दंडविधानात तो गुन्हाही नव्हता.

याच काळात, मार्च १९२८ मध्ये, त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. वतनाच्या तुटपुंज्या मोबदल्यात रात्रंदिवस राबवून घेणारी पद्धत माणसाला गावाच्या दयेवर ठेवते, हे त्यांना दिसत होते. ते विधेयक त्या वेळी पुढे गेले नाही. वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. मावळात वतनी जमिनींचे वाद आजही चालू आहेत, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

१९३० च्या गोलमेज परिषदेत रेट्टमलै श्रीनिवासन यांच्यासह त्यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाचा मसुदा दिला. आपल्याकडे त्यातला राजकीय प्रतिनिधित्वाचा भाग जास्त चर्चिला जातो. पण त्याच मसुद्यात फौजदारी कलमे लिहिलेली होती. बहिष्कार टाकणे हा गुन्हा, त्यासाठी चिथावणी देणे हा गुन्हा आणि बहिष्काराची धमकी देणे हाही गुन्हा. बहिष्कार म्हणजे काय याची व्याख्याही होती. घर किंवा जमीन द्यायला नकार, मजुरीवर ठेवायला नकार, व्यवहार करायला नकार, रूढ सेवा द्यायला नकार. ही कलमे त्यांनी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतली आणि आपल्या परिस्थितीप्रमाणे बदलली. स्टार्ट समितीचा अहवाल पुरावा म्हणून जोडला. आधी प्रत्यक्ष पाहणी, मग दुसरीकडचे कायदे धुंडाळणे आणि मग नेमका मसुदा, अशी त्यांची पद्धत होती. कायदेमंत्री म्हणून हिंदू कोड बिलासाठी त्यांनी स्मृतिग्रंथांपासून न्यायनिवाड्यांपर्यंत जो अभ्यास केला, तो याच शिस्तीतला. ते बिल अडवले गेले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले.

१९५४ : राज्यसभा आणि देहूरोड

घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. त्याची अंमलबजावणी करणारे विधेयक सप्टेंबर १९५४ मध्ये राज्यसभेत आले, तेव्हा बाबासाहेबांनी मुरलेल्या फौजदारी वकिलाच्या नजरेने ते तपासले. नावच चुकले आहे, हा कायदा नागरी हक्कांच्या संरक्षणाचा म्हणून ओळखला जावा, असे त्यांनी सुचवले. गुन्हे तडजोडीने मिटवण्याची मुभा त्यांना धोक्याची वाटली, कारण तडजोडीत गरीबच दबतो. आणि गाव हक्क बजावू देत नाही ते बहिष्काराच्या जोरावर, ही चोवीस वर्षे जुनी गोष्ट त्यांनी सभागृहाला पुन्हा सांगितली. त्यानंतर तीन महिन्यांनी ते देहूरोडला बुद्धमूर्तीसमोर उभे होते. तब्येत ढासळत चालली होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यांचे म्हणणे कायद्यात उतरायला वेळ लागला. १९७६ मध्ये १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याचे नाव बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा झाले आणि तडजोडीची मुभा गेली. १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. त्यातल्या दुरुस्तीने जानेवारी २०१६ पासून सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार, तसेच त्याची धमकीही, स्पष्टपणे गुन्हा ठरली. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने केलेला स्वतंत्र कायदा जुलै २०१७ मध्ये लागू झाला.

त्या बाईला मी काय सांगितले

मी तिला सांगितले की गिरणी आणि दुकान बंद होणे ही नुसती गावकी नाही, तो वेगळा गुन्हा आहे आणि त्याची वेगळी तक्रार देता येते. तारीख, वार, कोणी नकार दिला, कोण हजर होते, हे वहीत लिहून ठेव. तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि दोषारोपपत्र साठ दिवसांत दाखल करायचे असते. पीडिताला आणि साक्षीदाराला संरक्षण मागण्याचा हक्क आहे. आपल्या पसंतीचा ज्येष्ठ वकील नेमावा म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. यातली कितीतरी कलमे बाबासाहेबांनी महाडपासून जे पाहिले, तपासले आणि लिहून ठेवले, त्यातून वाढली आहेत.

पण साक्षीदारांची मजुरी कलमांनी सुटत नाही. लावणीच्या दिवसांत त्या दोघांना दुसरीकडे काम मिळाले पाहिजे, आणि तारखेला त्यांच्यासोबत चार माणसे कोर्टात आली पाहिजेत. ते काम आपले आहे. दर २५ डिसेंबरला देहूरोडला आपण मोठ्या संख्येने जमतो. त्यातल्या दहा जणांनी वर्षातून एक दिवस वडगावच्या कोर्टात अशा एखाद्या कुटुंबाजवळ बसायचे ठरवले, तर त्या बाईला केस मागे घ्यावी लागणार नाही. पुढची तारीख लावणी संपण्याच्या आतच आहे.

जय भीम.