ताराबाई मोडक

जालना जिल्ह्यातील अंबड, परतूर किंवा भोकरदन तालुक्यातील खेड्यांत सकाळच्या वेळी गेले असता चिमुकल्या मुलांचा किलबिलाट कानी येतो. ती गावची अंगणवाडी असते. हा शब्द आज घरोघरी रुळला आहे. ज्या विदुषीच्या कार्यातून तो जन्मास आला, त्या म्हणजे ताराबाई मोडक होत.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. घरातील वातावरण प्रार्थना समाजाच्या सुधारक विचारांचे होते. मुलींनी शिकणे पुष्कळांना रुचत नसे, अशा त्या काळात त्या 1914 साली बी. ए. झाल्या. पुढे राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. पद मानाचे होते. परंतु लहान मुलांच्या शिक्षणाची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. 1923 साली त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या कार्यात सामील झाल्या. इटलीतील शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीचा त्यांनी तेथे कसून अभ्यास केला. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली आणि 1936 साली मुंबईत दादर येथे त्यांचे शिशुविहार सुरू झाले.

शिशुविहाराची कीर्ती वाढली, तरी ताराबाईंच्या मनाला एक शल्य टोचत होते. बालमंदिरांचा लाभ सुखवस्तू घरांतील मुलांनाच होत होता. म्हणून वयाची पन्नाशी उलटल्यावर, 1945 साली, त्यांनी शहर सोडले आणि डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षण केंद्र उघडले. तेथेच त्यांना अनुताई वाघ यांच्यासारखी निष्ठावंत सहकारी लाभली.

वनवासी मुलांना कसे शिकवावे, हा प्रश्न तेव्हा साऱ्या जगापुढे होता. अमेरिकेत 1879 साली कार्लाइल येथे मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा निघाली. तेथे मुलांचे केस कापीत, नावे बदलीत आणि त्यांना मातृभाषा बोलू देत नसत. कॅनडात तर अशा शाळांत 1,50,000 हून अधिक मुले आईबापांपासून दूर ठेवली गेली. कित्येक मुले तेथेच दगावली. जी घरी परतली, त्यांतील अनेकांना आपल्याच आजीची भाषा परकी झाली होती. या अन्यायाबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी 2008 साली संसदेत क्षमा मागितली.

ताराबाईंचा मार्ग याच्या अगदी उलट होता. बोर्डीत प्रारंभी दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांना न्हाऊमाखू घालावे, गाणी म्हणावीत, गोष्टी सांगाव्यात, असा तेथील क्रम असे. यातूनच अंगणवाडी जन्मली. मॉन्टेसरी पद्धतीची साधने महाग होती. त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे व मातीची खेळणी आली.

पुढे हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारली आदिवासींचे पाडे होते. दारिद्र्यामुळे थोरली मुले धाकट्या भावंडांना सांभाळीत किंवा गुरे चारावयास नेत. शाळेत यावे तर भावंड कोणी सांभाळावे? ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकटे भावंड पाळण्यात निजले, की थोरल्या बहिणीला पाटी हाती घेता येई. या योजनेस विकासवाडी हे नाव मिळाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शिक्षक थेट कुरणात जात. एकीकडे गुरे चरत आणि दुसरीकडे मुले अक्षरे गिरवीत. ही कुरणशाळा पाहून शिक्षणक्षेत्रातील लोक विस्मित होत.

हे काम सोपे नव्हते. भूक, रोगराई व सावकारी यांनी गांजलेल्या आईबापांना शाळेचे महत्त्व पटण्यास काळ लागला. मुले मध्येच येईनाशी होत. मग त्यांना पुन्हा पाड्यावर जाऊन बोलवावे लागे. ताराबाई व अनुताई यांनी ते चिकाटीने केले.

1962 साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव लाभले. मुलाचे घर, त्याची बोली आणि त्याची गरिबी यांचा मान राखूनही त्याला ज्ञान देता येते, हे ताराबाईंनी स्वतःच्या आचरणाने सिद्ध केले.