डॉ. शांतिस्वरूप भटनागर

शांतिस्वरूप भटनागर यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. ते आठ महिन्यांचे असतानाच वडील वारले. ते आजोळी वाढले. आजोबा इंजिनिअर होते. तेथेच त्यांना विज्ञानाची गोडी लागली. उर्दूवरही त्यांचे तितकेच प्रेम होते. लाहोरला शिकताना त्यांनी उर्दू नाटक लिहिले. पुढे उर्दू कविताही केल्या.

शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला गेले आणि १९२१ साली डी.एस्सी. झाले. बनारसला तीन वर्षे शिकवल्यावर ते लाहोरला आले.

एक पदार्थ दुसऱ्याच्या पृष्ठभागावर नुसता बसला आहे, की रासायनिक बंधाने जोडला गेला आहे? डोळ्यांना हे कळत नाही. पण बंध जुळला, तर पदार्थाचे चुंबकीय गुण बदलू शकतात. हा बदल फार सूक्ष्म असतो. तो मोजण्यासाठी भटनागरांनी के. एन. माथुर यांच्यासह १९२८ मध्ये एक नाजूक चुंबकीय तराजू तयार केला.

पृष्ठभागाचे ज्ञान व्यवहारातही उपयोगी पडले. पंजाबात तेलाची विहीर खणताना छिद्रात चिखल सोडत. खारे पाणी लागताच तो घट्ट होई आणि काम थांबे. भटनागरांनी त्यात एक देशी डिंक मिसळायला सांगितले. चिखल पातळ राहिला. कंपनीने त्यांना दीड लाख रुपये देऊ केले. वडिलांविना वाढलेल्या भटनागरांनी ते स्वतःसाठी घेतले नाहीत. ती रक्कम त्यांनी विद्यापीठातील संशोधनासाठी द्यायला लावली.

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे ते पहिले संचालक होते. त्यांच्याच प्रयत्नांनी उभ्या राहिलेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन १९५० मध्ये झाले. १ जानेवारी १९५५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

तांब्याला चुंबक ओढत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण तांब्याच्या अतिशय पातळ थराला कार्बनचे रेणू जोडले, तर त्यात चुंबकत्व येते, असे २०१५ मध्ये इंग्लंडमधील शास्त्रज्ञांना आढळले. भटनागर ज्या वाटेने गेले, ती वाट अजून संपलेली नाही.

शब्दार्थ
आजोळ – आईच्या वडिलांचे घर
पृष्ठभाग – वरची बाजू
सूक्ष्म – फार बारीक

स्वाध्याय
१. भटनागरांनी चुंबकीय तराजू कशासाठी तयार केला?
२. दीड लाख रुपयांचे त्यांनी काय केले? तुम्ही काय केले असते?