रॉजर विल्यम्स : आपल्याला हवं ते स्वातंत्र्य दुसऱ्यालाही देणारा माणूस

अमेरिकेचा इतिहास शिकवताना आपण मुलांना सांगतो की इंग्लंडमध्ये धर्माच्या नावाखाली छळ होत होता, म्हणून काही लोक समुद्र ओलांडून गेले आणि त्यांनी तिथे वसाहती वसवल्या. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ प्रवासी निघाले, प्लिमथला उतरले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले. हे सगळं खरं आहे. पण एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, “सर, मग तिथे सगळ्यांना धर्माचं स्वातंत्र्य मिळालं का?” या प्रश्नाचं उत्तर रॉजर विल्यम्स यांच्या आयुष्यात सापडतं. म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊ या.

विल्यम्स यांचा जन्म १६०३ च्या सुमारास लंडनमध्ये एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. लहान वयातच त्यांना लघुलेखन येत होतं. ते पाहून त्या काळचे मोठे कायदेपंडित एडवर्ड कोक यांनी त्यांना हाताशी धरलं आणि त्यांच्या शिक्षणाची सोय केली. पुढे केंब्रिजमधून ते पदवीधर झाले आणि धर्मोपदेशक बनले.

त्या वेळी इंग्लंडमध्ये राजा हाच चर्चचाही प्रमुख होता. प्रत्येकाने सरकारमान्य चर्चमध्येच जायचं, नाही गेलं तर दंड. प्युरिटन लोकांना या चर्चमधले बरेच विधी पटत नव्हते. बिशपांचा जाच वाढला तसे ते हजारोंच्या संख्येने देश सोडू लागले. १६३० साली जॉन विन्थ्रॉप यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये बोस्टन वसवलं. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १६३१ मध्ये, विल्यम्स पत्नी मेरीसह तिथे पोहोचले.

बोस्टनच्या चर्चने या हुशार तरुणाला लगेच मानाची जागा देऊ केली. पण विल्यम्स यांनी ती चक्क नाकारली! कारण बोस्टनच्या चर्चने इंग्लंडच्या चर्चशी नातं पूर्णपणे तोडलं नव्हतं. मग काही काळ सेलम, काही काळ प्लिमथ आणि पुन्हा सेलम असं त्यांचं फिरणं झालं.

आता गंमत पाहा. छळाला कंटाळून आलेल्या या लोकांनी बोस्टनला काय केलं? तिथेही चर्चला जाणं सक्तीचं ठेवलं. मतदानाचा हक्क फक्त चर्चच्या सभासदांना दिला. त्यांना स्वातंत्र्य हवं होतं ते आपल्या पद्धतीने पूजा करण्याचं. दुसऱ्यालाही ते द्यावं, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

विल्यम्स नेमकं यावरच बोट ठेवत होते. त्यांचं म्हणणं असं, की सरकारने चोरी, मारामारी, खून यांचा बंदोबस्त करावा. माणूस देवाला कसा भजतो, हे सरकारने पाहू नये. जबरदस्तीने करवून घेतलेली प्रार्थना देवाला पोहोचतच नाही. दुसरी गोष्ट त्याहूनही झोंबणारी होती. ही जमीन इथल्या मूळ रहिवाशांची आहे, ती वाटून देण्याचा अधिकार इंग्लंडच्या राजाला नाही, ती त्यांच्याकडूनच रीतसर घेतली पाहिजे, असं ते उघडपणे म्हणू लागले.

ऑक्टोबर १६३५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायसभेने त्यांना हद्दपार केलं. त्याच सुमारास त्यांना मुलगी झाली. तिचं नाव त्यांनी ‘फ्रीबॉर्न’, म्हणजे स्वतंत्र जन्मलेली, असं ठेवलं. आजारपणामुळे वसंत ऋतूपर्यंत मुदत मिळाली होती, पण त्यांनी बोलणं काही थांबवलं नाही. जानेवारी १६३६ मध्ये त्यांना पकडून इंग्लंडला धाडायचं ठरलं. त्याआधीच गुपचूप सल्ला आला, नॅरागॅन्सेट उपसागराकडे निघून जा. तो देणारे कोण, तर स्वतः विन्थ्रॉप! मतभेद असले तरी माणुसकी शिल्लक होती.

बायको आणि दोन लहान मुली मागे ठेवून विल्यम्स भर हिमवर्षावात निघाले. जवळपास चौदा आठवडे त्यांनी थंडीत, रानावनात काढले. आसरा दिला तो वॅम्पानोआग लोकांनी. पुढे नॅरागॅन्सेट जमातीचे प्रमुख कॅनोनिकस आणि मियांटोनोमी यांच्याकडून जागा घेऊन त्यांनी वस्ती उभारली. तिचं नाव प्रॉव्हिडन्स, म्हणजे ईश्वरी कृपा. आजच्या ऱ्होड आयलंड राज्याची ही राजधानी आहे.

इथला करार अगदी साधा होता. गावचे निर्णय बहुमताने घ्यायचे, पण फक्त व्यवहाराच्या बाबतीत. धर्म ज्याचा त्याच्याकडे. बोस्टनने हद्दपार केलेल्या ॲन हचिन्सन आणि त्यांचे सोबती याच भागात येऊन राहिले. पुढे क्वेकर आले, ज्यूही आले.

१६४३ साली वसाहतीसाठी सनद मिळवायला विल्यम्स इंग्लंडला गेले. त्या जहाजप्रवासात त्यांनी नॅरागॅन्सेट भाषेची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं. तिथे असताना धर्मस्वातंत्र्यावरचंही एक पुस्तक छापलं. ते जाळण्याचा हुकूम संसदेने काढला; सनद मात्र तोवर हाती आली होती!

मुलांना समजावून सांगायला त्यांचा एक दाखला फार उपयोगी आहे. वसाहत म्हणजे एक जहाज समजा. त्यात निरनिराळ्या धर्मांचे लोक बसले आहेत. कुणालाही जहाजावरच्या प्रार्थनेला बसायची सक्ती नको आणि कुणाला स्वतःची प्रार्थना करायला मनाईही नको. पण जहाज चालवण्याचे नियम मात्र सगळ्यांनी पाळायचे, कप्तानाचं ऐकायचं.

खरी परीक्षा पुढे आली. क्वेकर लोकांची मतं विल्यम्स यांना मुळीच पटत नव्हती. १६७२ मध्ये, सत्तरीच्या घरात असताना, ते होडी वल्हवत न्यूपोर्टला गेले आणि क्वेकरांशी कडाक्याचा वाद घातला. पण त्यांना हाकलून द्या, असं कधी म्हटलं नाही. बोस्टनमध्ये मात्र १६५९ ते १६६१ या काळात चार क्वेकरांना फाशी दिलं गेलं. फरक लक्षात आला ना?

विल्यम्स निर्दोष होते असंही नाही. १६७५-७६ च्या युद्धात मूळ रहिवाशांनी प्रॉव्हिडन्स जाळलं, त्यांचं घरही गेलं. त्यानंतर पकडलेल्या मूळ रहिवाशांना ठरावीक वर्षांच्या गुलामीत विकण्याच्या निर्णयात तेही सामील होते. ही बाजू मुलांपासून लपवू नये. १६८३ च्या सुरुवातीला त्यांचं निधन झालं. हद्दपारीचा हुकूम मॅसॅच्युसेट्सने रद्द केला तो थेट १९३६ साली, म्हणजे तीनशे वर्षांनी!

आपल्या संविधानाच्या कलम २५ मधलं सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य शिकवताना ही गोष्ट जरूर सांगा. आणि शेवटी वर्गाला एक प्रश्न विचारा : ज्याचं मत तुला अजिबात पटत नाही, त्याला तुझ्या बाकावर जागा देशील का? उत्तर घाईने घेऊ नका. मुलांना थोडा वेळ द्या. घरी पालकांनीही हाच प्रश्न आधी स्वतःला विचारून पाहावा.