अपयशावर मात करणारा हुतात्मा : संत गोन्सालो गार्सिया

भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांचे आपण अभिमानाने स्मरण करतो. त्यांना पचवाव्या लागलेल्या अपयशाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

इ. स. १५५७ च्या सुमारास वसई येथे पोर्तुगीज पिता व स्थानिक माता यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. येशूसंघीय धर्मगुरूंकडे शिक्षण घेऊन ते कोवळ्या वयातच जपानला गेले. तेथील भाषा आत्मसात करून त्यांनी सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा होती. ती पूर्ण झाली नाही. निराश होऊन ते बाहेर पडले व व्यापारी झाले.

व्यापारात यश लाभूनही त्यांचे मन तेथे रमले नाही. मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ साली पीटर बॅप्टिस्ट यांचे दुभाषी म्हणून ते जपानला परतले. ज्या वर्षांच्या अखेरीस नकार पदरी आला, त्याच वर्षांत शिकलेली भाषा आता शुभवर्तमानाच्या कामी आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २५ सोबत्यांसह ते क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले.

कराडला कृष्णा-कोयनेच्या संगमाकाठी आपण ख्रिस्ती संख्येने थोडे आहोत. गतकाळातील चुकांची लाज वाटून आपण श्रद्धेविषयी मौन पाळतो. जेथे नाकारले गेले, त्याच देशी प्रभूची साक्ष देण्यास परतलेल्या या वसईकराचा आदर्श आपण समोर ठेवू या.