प्रमोशन हुकलं, नांगर घडला!

प्लेसमेंटचा सीझन आला की कॅम्पसवर एकच प्रश्न फिरतो, पॅकेज किती? पण शंभरहून जास्त वर्षांपूर्वी एक तरुण मास्तर मुंबईतली पक्क्या पगाराची नोकरी सोडून सायकली विकायला बेळगावला गेला होता. त्यांचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

जन्म १८६९चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. चित्रकलेच्या वेडापायी ते मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. पण काही रंग आपल्याला नीट ओळखताच येत नाहीत, हे तिथे लक्षात आलं. रंग सुटले, तसा त्यांनी मेकॅनिकल ड्रॉइंगवर हात बसवला. त्याच जोरावर ते व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले.

नोकरी सुरू असतानाच भावासोबत साइड बिझनेसही सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे. थोरले बंधू रामूअण्णा त्या विकायचे, वर पंधरा रुपये फी घेऊन चालवायलाही शिकवायचे. पुढे कॉलेजात हक्काचं प्रमोशन डावलून ते एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिलं गेलं. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. अपमान झाला होता हे खरं, पण जायला ठिकाण आधीच तयार होतं.

बेळगावात सायकलींवरून ते शेतीच्या अवजारांकडे वळले. आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. इथे खरी परीक्षा होती. लोखंडाने जमिनीला विष चढतं, असं शेतकरी मानायचे. पहिला नांगर विकायला तब्बल दोन वर्षं लागली! पगार नाही, माल पडून. तरी त्यांनी नांगराचा नाद सोडला नाही.

जरा बस्तान बसतंय, तोच १९१०मध्ये नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. तेव्हा औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन कसली, निवडुंग आणि नागांचं रान! ते साफ करून तिथे कारखाना आणि कामगारांचं गाव उभं राहिलं, किर्लोस्करवाडी. या गावात अस्पृश्यता पाळायला बंदी होती. शिक्षा भोगून आलेल्या कैद्यांनाही लक्ष्मणरावांनी काम दिलं, त्यातल्या काहींना तर चक्क रात्रीच्या पहाऱ्याचं!

१९५६मध्ये लक्ष्मणराव गेले. त्यांच्याकडे बघून उद्याच राजीनामा टाका, असं कुणी म्हणणार नाही. पण त्यांच्या गोष्टीत राजीनामा एका दिवसाचा आहे. त्याआधी नोकरी सांभाळून केलेला धंदा आहे आणि नंतर न विकलेल्या नांगरांची दोन वर्षं. स्टार्टअपचा प्लॅन करताना आपण ती दोन वर्षं धरतो का?

पुणे-मिरज मार्गावरून कधी गेलात, तर खिडकीतून लक्ष ठेवा. त्या कुंडल रोड स्टेशनच्या पाटीवर आज किर्लोस्करवाडी लिहिलेलं आहे.