एका मुलीपासून हजारो मुलांपर्यंत

अंधेरीहून लोकलने महालक्ष्मीला उतरून हाजी अलीकडे जाणाऱ्यांत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे पालकही असतात. मुलांसाठी तिथे सोय झाली, त्यामागे एका आईची धडपड आहे. स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्त्या फातिमा इस्माईल (१९०३-१९८७) यांची ती धडपड.

त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. लुळे पडलेले हातपाय तेव्हा प्लास्टरमध्ये जखडून ठेवत. ऑस्ट्रेलियातील परिचारिका एलिझाबेथ केनी यांनी त्याऐवजी गरम शेक आणि हालचालींचा मार्ग दाखवला होता. फातिमा मुलीला घेऊन मद्रासला डॉ. किणी यांच्याकडे गेल्या. अनेक महिन्यांच्या उपचारांनी मुलगी चालू लागली.

मद्रास गाठणे प्रत्येक आईला शक्य नव्हते. फातिमांनी मुंबईतच सोय करायचे ठरवले. डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी चौपाटीवरील जागा दिली आणि १९४७ मध्ये दवाखाना सुरू झाला. पुढे हाजी अलीला मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने तिथेच अखिल भारतीय पुनर्वसन संस्था स्थापन झाली. १९५८ मध्ये फातिमांना पद्मश्री मिळाली.

२०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. सेरेब्रल पाल्सीत मात्र इजा मेंदूला झालेली असते आणि ती भरून येत नाही. तरीही फिजिओथेरपी लवकर सुरू केली आणि घरीही नेमाने सराव ठेवला, तर मुलाची हालचाल सुधारू शकते. अशा दीर्घ उपचारांत घरापासूनचे अंतर फार महत्त्वाचे ठरते. फातिमांनी तेच कमी केले.